तालुक्याचं कोर्ट, पक्षकाराच्या बाजूने रिव्ह्यू: साहेब चांगले, पण दर तीन वर्षांनी नवे

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी तीन स्टार. त्यातला एक अख्खा स्टार केस मोबाईलवर दिसते म्हणून, नाहीतर दोनच दिले असते. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही कारण दावा अजून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर नाव लिहून फरक पण पडत नाही. महाराष्ट्रातलं कुठलंही तालुक्याचं कोर्ट घ्या, गेटला झेरॉक्सवाला, त्याच्या शेजारी टायपिंगवाला आणि स्टँपवाला, आत काळ्या कोटांची गर्दी आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेले आपल्यासारखे पक्षकार. आमचा मामला बांधाचा. शेजाऱ्याने दर पेरणीला थोडा थोडा करत बांध आत सरकवला, वडिलांनी दावा लावला, आता वडिलांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून मुखत्यारपत्र माझ्या नावाने आणि तारखांनाही मीच.

निकाल कुणाच्या बाजूने लागावा हा रिव्ह्यूचा विषय नाही. सर्व्हिस कशी मिळते तेवढंच लिहितोय, कारण सुप्रीम कोर्ट आपण टीव्हीवर बघतो, हायकोर्ट पेपरात वाचतो, पण बांध, वाटप, भाडेकरू, चेक बाउन्स, पोटगी, मारामारी, हे सगळं घेऊन माणूस जातो तो खालच्या कोर्टातच. देशभरात खालच्या कोर्टांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. हे काही गुपित नाही बरं का, नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड नावाची सरकारी साइट आहे, तिथे जिल्हा निवडा, कोर्ट निवडा, किती वर्षं जुनी किती प्रकरणं ते समोर येतं. आपल्या कोर्टाचा आकडा एकदा बघून ठेवा, वकिलावर चिडणं निम्म्याने कमी होतं.

आता उतरंड. वकील लोक हे समजावत बसत नाहीत, त्यांना वाटतं पक्षकाराला माहितीच असतं. सगळ्यात खाली, बहुतेक तालुक्यांना, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. त्यांच्या वर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर, हे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि मोठ्या तालुक्यांनाही मिळतात. त्यांच्या वर जिल्हा न्यायाधीश. ही झाली दिवाणी बाजू आणि ती आजची नाही, १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्यापासूनची आहे, नाव बदललं, सांगाडा तोच. फौजदारी बाजूला गंमत अशी की माणसं बहुतांशी तीच, फक्त पाटीवरची दुसरी ओळ वेगळी. कनिष्ठ स्तरचे साहेब म्हणजेच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, ज्यांना आपण नुसतं जेएमएफसी म्हणतो, आणि जिल्हा न्यायाधीश म्हणजेच सत्र न्यायाधीश. मधे जिल्ह्याला एक मुख्य न्यायदंडाधिकारी, म्हणजे सीजेएम. कोण किती शिक्षा देऊ शकतो तेही ठरलेलं आहे, जेएमएफसी तीन वर्षांपर्यंत, सीजेएम सात वर्षांपर्यंत, सत्र न्यायाधीश कायद्यात असेल ती कुठलीही, फक्त फाशी दिली तर हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. म्हणून खुनाच्या केसचा आरोपी पहिल्यांदा तालुक्याच्या कोर्टात उभा राहतो खरा, पण ती केस तिथे चालत नाही, कागदपत्रं पूर्ण करून सत्र न्यायालयाकडे पाठवली जाते, त्याला कोर्टात सगळे ‘कमिट केली’ म्हणतात. १ जुलै २०२४ ला नवीन फौजदारी कायदे लागू झाले त्यात जेएमएफसीची दंडाची मर्यादा दहा हजारांवरून पन्नास हजारांवर गेली आणि छोट्या गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा पण आली. मुंबईत मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट असायचे, ते पद नवीन संहितेत नाहीच.

मुंबईचं एकूणच वेगळं आहे, तिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय आणि भाड्याच्या भांडणांना लघुवाद न्यायालय, मुंबईवाल्यांनी त्याचा वेगळा रिव्ह्यू लिहावा, मला तिथला अनुभव नाही.

कुठला दावा कनिष्ठ स्तरला आणि कुठला वरिष्ठ स्तरला हे दाव्याच्या किमतीवर ठरतं. इथे बरेच जण गोंधळतात, म्हणतात जमीन कोटीची आणि दावा तालुक्यात लहान साहेबांपुढे कसा? तर ताब्याच्या दाव्यात शेतजमिनीची किंमत बाजारभावाने धरत नाहीत, सातबाऱ्यावर जो आकार असतो ना, शेतसारा, त्याच्या पटीत धरतात. त्यामुळे हायवेला लागून असलेल्या जमिनीचा दावासुद्धा कागदावर किरकोळ किमतीचा असतो आणि कोर्ट फीसुद्धा त्या मानाने मामुली लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. पण त्याचा परिणाम असा की ज्या भांडणावर दोन घरांच्या दोन पिढ्या बोलत नाहीत ती सगळी भांडणं सेवेतल्या सगळ्यात नवीन न्यायाधीशाच्या टेबलावर येऊन पडतात.

आणि त्या टेबलावर बाकी काय काय असतं ते बघा. सकाळी बोर्ड लागतो, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, ती बघितली की छाती दडपते. दिवाणी दावे, मनाई अर्ज, दरखास्ती (म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज), चेकच्या केसेस, पोटगी, घरगुती हिंसाचाराचे अर्ज, दारूबंदी, जुगार, वाहतूक, सगळं एका खुर्चीत. यात दिवाणी काम नेहमी मागे पडतं, कारण अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत हजर करावंच लागतं, त्याला थांब म्हणता येत नाही, बांधाला मात्र थांब म्हणता येतं.

एकदा आमच्या साक्षीदाराची उलटतपासणी चालू होती. समोरचे वकील बांधावरच्या लिंबाच्या झाडावर आले होते, झाड कुणाच्या हद्दीत, कुणी लावलं, फांद्या कोण तोडतं. रंगात आलेलं काम. तेवढ्यात दारातून दोन पोलीस आणि मधे तोंडावर रुमाल बांधलेला एक पोरगा आत आला, साहेबांनी साक्षीदाराला बाजूला बसायला सांगितलं, रिमांड सुरू. सरकारी वकील येईपर्यंत वेळ गेला, मग पोलीस कोठडी किती द्यायची त्यावर दोन्ही बाजू बोलल्या, मग ऑर्डर, मग जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर समोरचे वकील जिल्ह्याला निघून गेलेले, त्यांच्या ज्युनिअरने अर्ज दिला, आणि रोजनाम्यात ओळ पडली की उरलेली उलट पुढच्या तारखेस. आमचा साक्षीदार, सत्तरीचा माणूस, सकाळची एसटी पकडून आलेला, मला म्हणाला, “आरं, झाडाचं तर सांगून झालं की, आता अजून काय इच्यारणार?” यात चूक कुणाची? पोलिसांची नाही, साहेबांची तर नाहीच नाही. एकच माणूस दिवाणीपण आणि फौजदारीपण अशी व्यवस्था असली की हे रोज होणार.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. न्यायाधीशांची बदली साधारण तीन वर्षांनी होते, उन्हाळ्यात ऑर्डरी निघतात आणि सुट्टीनंतर खुर्चीत नवा चेहरा. बदली व्हायलाच पाहिजे, तालुक्यात माणूस रुजला की ओळखीपाळखी होतात आणि त्या न्यायाच्या कामाला बऱ्या नाहीत, हे मान्य. पण बांधाचा दावा तीन वर्षांत संपत नाही ना. म्हणजे दावा दाखल झाला तेव्हा एक साहेब, निशाणी ५ वर ऑर्डर केली दुसऱ्यांनी (निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, तो जवळजवळ प्रत्येक दाव्यात याच नंबरला असतो, वकील लोक तर ‘पाचचं काय झालं’ एवढंच विचारतात), पुरावा ऐकला तिसऱ्यांनी आणि निकाल लिहिणार बहुतेक पुढचे. कायद्याला हे चालतं, दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १८ नियम १५ आहे, आधीच्या न्यायाधीशाने नोंदवलेला पुरावा नंतरच्याने पुढे वापरायचा. मॅच एकाने बघायची आणि स्कोअरकार्ड वाचून दुसऱ्याने निकाल द्यायचा असला प्रकार.

कागदावर काय उतरतं ते सांगतो म्हणजे कळेल. साक्षीदाराला विचारलं की लिंबाचं झाड प्रतिवादीच्या हद्दीत आहे का, तो आधी गप्प बसला, मग त्याने प्रतिवादीकडे बघितलं, मग घाम पुसला, मग म्हणाला नाही. टाइप काय झालं? “हे म्हणणे खरे नाही की, सदर लिंबाचे झाड प्रतिवादीच्या हद्दीत आहे.” बस. ती गप्प बसण्याची वेळ, ते बघणं, काही नाही. साक्षीदाराच्या वागण्यावर शेरा लिहायची सोय त्याच आदेश १८ मध्ये आहे, नियम १२, पण एवढ्या बोर्डात कोण लिहीत बसणार. हा साक्षीदार आमचाच आणि उत्तर आमच्याच फायद्याचं, तरी सांगतोय, नवीन साहेबांना तो माणूस कधीच दिसणार नाही, फक्त ते वाक्य दिसणार. चेकच्या ज्या केसेस संक्षिप्त पद्धतीने, म्हणजे साक्ष थोडक्यात नोंदवून चालतात त्यांना तर आधीच्यांचा पुरावा पुढे वापरायची सोयही नाही, न्यायाधीश बदलले की पुरावा पहिल्यापासून. त्यामुळे तुमची चेकची केस असेल तर सुरुवातीलाच वकिलाला विचारून घ्या की ती संक्षिप्त चालतेय की समन्स केस म्हणून, म्हणजे पूर्ण पद्धतीने.

आता साहेब लोकांबद्दल. इथे मी चार स्टार देईन. जे जे बघितले ते बहुतेक तरुण, वेळेवर खुर्चीत, म्हाताऱ्या पक्षकाराशी नीट बोलणारे, एक मॅडम होत्या त्या तर प्रत्येक ऑर्डर झाल्यावर पक्षकाराला मराठीत सांगायच्या की आज काय झालं आणि पुढच्या वेळी काय आणायचं. असले लोक येतात कुठून तर कनिष्ठ स्तरची परीक्षा एमपीएससी घेते, पूर्व, मुख्य, मुलाखत, आणि निवड झाली की भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत ट्रेनिंग. मधल्या काळात लॉ झालेली पोरं प्रॅक्टिस न करता थेट बसू शकायची, आता २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने किमान तीन वर्षं वकिली पाहिजे. माझं मत विचाराल तर बरं झालं, ज्याने स्वतः बाहेर व्हरांड्यात उभं राहून पुकाऱ्याची वाट बघितलीय त्याला आत बसल्यावर बाहेरच्यांचं कळतं. वकिलांमध्ये याच्या विरुद्ध बोलणारेही आहेत, विशेषतः ज्यांच्या पोरी वर्षानुवर्षं अभ्यासाला बसल्यात ते, आणि त्यांचंही खोटं नाही, तालुक्यात नव्या वकिलाला पहिली तीन वर्षं कमाई काय असते ते सगळ्यांना माहितीय.

जिल्हा न्यायाधीश होण्याचे रस्ते वेगळे. खालून बढतीने येतात, खात्याच्या मर्यादित परीक्षेने येतात, आणि काही जागा थेट भरतीने भरतात, त्यात वकिलाला सात वर्षांची वकिली लागते, ही अट घटनेतच आहे, कलम २३३. नेमणूक राज्यपालांच्या नावाने पण हायकोर्टाच्या सल्ल्याशिवाय होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम २३५, खालच्या सगळ्या न्यायाधीशांवर नियंत्रण हायकोर्टाचं. रजा, बदली, बढती, चौकशी, सगळं तिकडून. आमदार असो, पालकमंत्री असो, कलेक्टर असो, तालुक्याच्या साहेबांची बदली यांच्यापैकी कुणाच्या हातात नाही. तलाठी, फौजदार, बीडीओ यांच्या बदल्या कशा होतात ते ज्याने बघितलंय त्याला याची किंमत कळेल. १ एप्रिल १९७४ च्या आधी तर देशात काही राज्यांत फौजदारी कामं महसूल अधिकारीही बघायचे, म्हणजे तहसीलदार वसुलीपण करणार आणि शिक्षापण देणार, ते त्या वेळच्या नव्या फौजदारी संहितेने सगळीकडे वेगळं केलं.

पण नियंत्रण हायकोर्टाचं आणि पैसे सरकारचे, इथे घोडं पेंड खातं. इमारत बांधायची, नवीन पद मंजूर करायचं, क्लार्क भरायचे, तर फाईल मंत्रालयात. दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. आमच्या कोर्टात पक्षकारांसाठीच्या संडासाला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे प्रत्येक टेबलावर वेगळं ऐकायला मिळतं. बायका सकाळपासून पाणी न पिता बसतात. या बाबतीत शून्य स्टार, मायनस देता येत नाही म्हणून. बसायला दोन बाकं, त्यातलं एक कायम वकिलांच्या बॅगांनी भरलेलं.

न्यायाधीश कमी आहेत हे तर सगळेच सांगतात. देशात खालच्या कोर्टांची मंजूर पदं साधारण पंचवीस हजार, त्यातली पाचेक हजार रिकामी. विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश पाहिजेत, आज मंजूर पदं धरली तरी आकडा वीस-एकवीसच्या आसपास फिरतो. आमच्याकडे मधे एक कोर्ट रिकामं होतं तेव्हा त्याचा चार्ज शेजारच्या साहेबांकडे, म्हणजे स्वतःचा बोर्ड संपवून मग दुसरा बोर्ड, त्यात फक्त तारखा पडतात, दुसरं काय होणार. वर परत हायकोर्टाने निकाली काढण्याचे नॉर्म्स ठरवून दिलेत, कुठल्या प्रकारच्या निकालाला किती युनिट ते, त्यामुळे साधी केस पटकन निघते आणि किचकट दावा अंग चोरून मागे बसतो. हे मी कुणाला दोष म्हणून लिहीत नाही, मोजमाप लावलं की माणूस मोजमापाप्रमाणे वागतो.

ऑफिस स्टाफ. अडीच स्टार. कोर्टाची खरी आठवण यांच्याकडे असते, साहेब बदलतात, क्लार्क बऱ्यापैकी तेच राहतात. बेंच क्लार्क बाई आमची फाईल नंबर न सांगता ओळखतात. नाझर ऑफिसमध्ये समन्स, बेलिफ, पैसे भरणे, नक्कल विभागात निकालाच्या आणि कागदांच्या प्रती. बेलिफ समन्स घेऊन गावात गेला आणि ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत आला की समजायचं पुढची तारीख गेली, आणि तो इसम त्याच दिवशी बाजारात भाजी घेत असतो.

आता ज्याच्यासाठी एक अख्खा स्टार दिला ते, ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं ॲप. फुकट आहे, टाकून घ्या. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर नंबर असतो, महाराष्ट्राचा एमएच पासून सुरू होतो, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, शेवटचे चार आकडे वर्षाचे. तो वकिलाकडून घ्या आणि ॲपमध्ये सेव्ह करा. पुढची तारीख, कशासाठी ठेवलंय, आजपर्यंत कुठल्या साहेबांपुढे काय झालं, अपलोड झालेल्या ऑर्डरी, सगळं दिसतं. पूर्वी तारीख काय पडली ते विचारायला वकिलाच्या घरी जावं लागायचं आणि ते जेवत असायचे. आता वकिलाच्या आधी मला कळतं. फक्त मधे क्लार्कने एंट्री केली तरच दिसणार, आमच्याकडे कधी कधी रात्री उशिरापर्यंत जुनीच तारीख दिसते, तेव्हा लगेच वकिलाला फोन लावून भांडू नका, सकाळी परत बघा. आणि ‘स्टेज’ला काय लिहिलंय ते वाचायला शिका, ‘से’ म्हणजे समोरच्याचं म्हणणं यायचंय, ‘इश्यूज’ म्हणजे मुद्दे काढायचेत, ‘एव्हिडन्स’ म्हणजे पुरावा, त्या तारखेला स्वतः जायलाच हवं, ‘ऑर्डर’ किंवा ‘जजमेंट’ दिसलं तर शेताचं काम सोडून जा.

भाषेचं म्हणाल तर १९९८ पासून महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, तसं जाहीर झालंय. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), साक्ष मराठीत होते. निकाल मात्र कुणी मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत, साहेबांवर अवलंबून. वकिलांचे युक्तिवाद दोन्ही मिसळून आणि त्यात हायकोर्टाच्या निवाड्यांची पानं इंग्रजीत. मराठी निकालाला माझ्याकडून एक्स्ट्रा मार्क, वडिलांनी मनाईची ऑर्डर स्वतः वाचली आणि दोन ठिकाणी “हे बरोबर धरलंय” म्हणाले, तेवढ्याने माणसाला वाटतं की आपलं ऐकलं.

मुदतींचा कायदा वाचलात तर हसू येईल. कैफियत तीस दिवसांत, फार तर नव्वद. एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी नाही, हे पुस्तकात छापलेलं आहे, आदेश १७. प्रत्यक्षात शंभर-दोनशे रुपये कॉस्ट लावून अर्ज मंजूर होतो. आमच्याच वकिलांनी पण मागितल्यात तहकुब्या, खोटं कशाला बोला. वरिष्ठ वकील एकाच दिवशी तीन कोर्टांत लागलेले असतात आणि पक्षकारालाही तेच पाहिजे असतात. बांधाच्या दाव्यात तर अजून एक थांबा आहे, मोजणी. कोर्ट कमिशनर नेमायचा, भूमी अभिलेखकडे फी भरायची, मोजणीदाराची तारीख, त्या दिवशी शेतात ऊस उभा असेल तर परत. दाव्यातला बराचसा वेळ हा कोर्टाच्या बाहेरच जातो हे लक्षात ठेवा.

दावा लावायच्या आधी हे बघून घ्या. शेताचा रस्ता कुणी अडवला असेल तर लगेच दिवाणी कोर्टात धावू नका, १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा अजून जिवंत आहे, तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तिथे न्यायाधीश नसतात, महसूलवाले असतात, पण कामाचा आहे. गरीब असाल, किंवा स्त्री असाल, अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अट पण नाही, हेल्पलाइन १५१००. आणि लोकअदालत, तिथे मिटलं तर कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नाही, म्हणजे खरंच मिटतं. आम्ही पण बसलो होतो, शेजारी तयार नव्हता. त्याच्या शेजारी त्याचा मुलगा होता, तो तयार होता असं मला वाटलं.

जिंकल्यावर काय हे कुणीच सांगत नाही म्हणून लिहितो. निकाल मिळाला म्हणजे जमीन मिळाली असं नाही, हुकूमनामा हातात आला की त्याची अंमलबजावणी करायला दरखास्त टाकावी लागते आणि तिलाही नंबर, तारीख, बोर्ड सगळं नव्याने. वाटपाचा दावा असेल तर अजून लांब, सारा लागणाऱ्या शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करतच नाही, ते कलेक्टरकडे जातं, तिथून तहसीलदार, तिथून मोजणी, आणि मग कुठे सातबारा वेगळा होतो. ओळखीत एका घरात आजोबांनी दावा जिंकला आणि तुकडा नातवाच्या नावावर लागला.

हरलात किंवा समोरचा हरला तरी पुढची पायरी आहेच. कनिष्ठ स्तरच्या निकालावर अपील जिल्हा न्यायाधीशांकडे, मुदत तीस दिवस. तिथे पुरावा परत तपासला जातो, म्हणून पहिलं अपील मनापासून लढा. त्यानंतर हायकोर्टात दुसरं अपील असतं पण ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, झाड कुणाच्या हद्दीत हे तिथे नव्याने कुणी ऐकत नाही. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या सहा जिल्ह्यांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच झालंय, मुंबईची रात्रीची गाडी वाचली. निकालाच्या दिवशी कोर्टातून बाहेर पडायच्या आधी नक्कल विभागात जाऊन नकलेचा अर्ज टाका आणि पावती खिशात ठेवा, नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण अर्ज टाकायला तुम्ही घालवलेले दिवस होत नाहीत.